शिक्का बसतो म्हणजे नेमकं काय होतं

कास्टिंगच्या ग्रुपवर रोज जे मेसेज येतात ना, त्यात भूमिकेचं नाव क्वचितच असतं. "हवालदार, वय 30 ते 40, गावाकडचा लुक", किंवा "हिरोची आई, घरंदाज, आधी आईचे रोल केलेत त्यांनीच पाठवा", एवढंच. मी सहा वर्षं काम करतोय, एकांकिका स्पर्धांमधून आलोय, आणि कॅमेऱ्यापुढे जी कामं मिळाली त्यातल्या निम्म्याहून जास्त कामांत अंगावर खाकी होती. पहिला हवालदार बरा झाला म्हणून दुसरा मिळाला, दुसरा कुणीतरी पाहिला म्हणून तिसरा. आधी वाटायचं आपल्यातच काहीतरी कमी आहे. मग जुनं वाचायला लागलो, मोठ्या नटांच्या मुलाखती ऐकल्या, तेव्हा कळलं की हा शिक्का, म्हणजे नटाला एकाच प्रकारच्या भूमिकेत अडकवणं, आपल्याकडे नाटक सुरू झालं तेव्हापासूनचं आहे.

अगदी तेव्हापासून. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावेंनी सीतास्वयंवर केलं आणि नंतर ज्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरायला लागल्या त्यांच्यात नटाची ओळखच पार्टवरून व्हायची. राजापार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी. राक्षसपार्टी म्हणजे धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस, त्याने अलल डुर्र करत आरडाओरडा करत यायचं, आणि स्त्रीपार्टी म्हणजे गोड गळ्याचा नाजूक मुलगा. तमाशातही तसंच, सोंगाड्या वेगळा, नाच्या म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष वेगळा, मावशी वेगळी. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मंडळी फिरती, माणसं मोजकी, पदं सूत्रधार म्हणणार आणि बोलायचं ते नटांनी आयत्या वेळी बोलायचं, मग प्रत्येकाला आपला साचा पक्का माहीत असला की खेळ उभा राहायचा. साचा ही सोय होती. अडचण नंतर झाली, प्रेक्षकांचा त्या साच्यावर जीव जडला तेव्हा.

बालगंधर्वांचं उदाहरण मला कितीही वेळा वाचलं तरी अस्वस्थ करतं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले, 1911 ला मानापमानातली भामिनी, मग स्वयंवरातली रुक्मिणी, एकच प्याल्यातली सिंधू, आणि महाराष्ट्रातल्या बायका त्यांचं बघून त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या. त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली तेव्हा ते प्रभात फिल्म कंपनीकडे सिनेमात आले आणि 1935 च्या धर्मात्मामध्ये त्यांनी संत एकनाथ केले. म्हणजे पुरुष. वय 47, आवाज तोच, गाणं तेच, आणि लोकांना ते काही रुचलंच नाही. त्यांना त्यांची भामिनी हवी होती. थोड्याच दिवसांत ते परत स्त्रीभूमिकेकडे वळले, पडद्यावर मीराबाई केली. एवढा मोठा माणूस, पण दुसरं काही करून बघायची परवानगी त्याला प्रेक्षकांनी दिली नाही.

आणि लगेच पुढच्या वर्षी, त्याच प्रभातमध्ये, तशीच स्त्रीभूमिका करण्याची पार्श्वभूमी असलेले विष्णुपंत पागनीस संत तुकाराम झाले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मला वाटलं होतं, बघा, सुटला की एक जण. पण नाही. 1939 ला ते तुलसीदास, 1940 ला नरसी भगत. एका साच्यातून बाहेर आले ते थेट दुसऱ्यात जाऊन बसले.

बायकांच्या बाबतीत तर वय हाच शिक्का. ललिता पवार आधी हिरॉइन होत्या हे आज किती जणांना माहितीये? 1942 च्या सुमारास शूटिंगमध्ये थप्पड जोरात बसली, चेहऱ्यावर आणि डाव्या डोळ्यावर कायमचा परिणाम झाला, आणि मग त्या खाष्ट सासू झाल्या, पुढे दूरदर्शनच्या रामायणात मंथरा. त्याच बाईंनी 1959 च्या अनाडीत इतकी मायाळू मिसेस डिसा केली की त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, तरी लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती सासूच. रोहिणी हट्टंगडींनी गांधीमध्ये कस्तुरबा केल्या त्या तिशी उलटता उलटता, बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, आणि 1990 च्या अग्निपथमध्ये त्या अमिताभची आई होत्या, जे त्यांच्याहून वयाने नऊ वर्षं मोठे आहेत. रीमा लागू सलमानपेक्षा सात वर्षांनी मोठ्या आणि संजय दत्तपेक्षा फक्त एक वर्षाने, दोघांचीही आई त्यांनी केली. किती ताकदीच्या अभिनेत्री होत्या त्या, रंगभूमीवर काय काय करून आलेल्या! माझ्यासोबत काम करणारी एक मैत्रीण 33 वर्षांची आहे, तिला गेल्या वर्षी आईचा पहिला रोल आला, ती दोन दिवस विचार करत बसली कारण तिला माहितीये की एकदा हो म्हटलं की परतीचा रस्ता नाही.

कधीकधी हा शिक्का पडद्यावरून उतरून घरापर्यंत येतो. गणपत पाटलांनी तमाशापटांमध्ये नाच्या इतका हुबेहूब केला की लोकांनी त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच समजलं, आणि त्याची टिंगल त्यांच्या घरच्यांनी सोसली. निळू फुले तर राष्ट्र सेवा दलातले कार्यकर्ते, स्वभावाने अतिशय साधा माणूस, पण सावकार आणि पाटील असे रंगवले की गावोगावच्या बायका त्यांचा राग करायच्या. त्यांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली ती म्हणजे दिग्दर्शक जब्बार पटेल. सामना सिनेमात त्यांनी फुल्यांना साखरसम्राट हिंदुराव दिला, म्हणजे वरून बघितलं तर नेहमीचाच पाटील, पण आत किती थर होते त्याला. आणि मग 1979 च्या सिंहासनमध्ये सरळ पत्रकार दिगू टिपणीस केलं, सगळं राजकारण बघत बघत आतून मोडत जाणारा. तो शेवट ज्याने बघितलाय तो विसरू शकत नाही. मला वाटतं शिक्का नटाला एकट्याला पुसता येत नाही, समोर कुणीतरी लेखक दिग्दर्शक लागतो ज्याला हा माणूस वेगळा दिसतो.

पण ते पुरतंच असंही नाही. जब्बार पटेलांनीच 1992 मध्ये लक्ष्मीकांत बेर्डेंना एक होता विदूषक दिला, लेखन पुलंचं, हसवणाऱ्या माणसाच्या आतलं दुःख. बेर्डेंनी जीव ओतला. पिक्चर चालला नाही, कारण लोक लक्ष्या बघायला आले होते. तोपर्यंत मराठीत नुसत्या नावावर थिएटर भरवणारा हा नट हिंदीत मात्र नोकर म्हणूनच लक्षात राहिला. हिंदीत तर एक जगदीश राज होते, 144 सिनेमांत पोलीस, गिनीज बुकात नोंद आहे. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा खाकीतले माझे सगळे फोटो डोळ्यांपुढून गेले.

टीव्हीने हे सगळं घट्ट केलं. जानेवारी 1987 मध्ये रामायण सुरू झालं आणि अरुण गोविलांना लोक दिसतील तिथे नमस्कार करायला लागले, पण रामाला दुसरा रोल कोण देणार? ते स्वतः याबद्दल मोकळेपणाने बोललेत. नंतर डेली सोप आल्या. रोज एक एपिसोड द्यायचा, सीन कधीकधी शूटच्या दिवशी सेटवर येतो, रिहर्सलला वेळ नाही, मग कास्टिंगवाला अशाच माणसाला बोलावणार ज्याने तेच काम आधी केलंय आणि जो पहिल्या टेकला ओके देईल. म्हणजे पुन्हा भावेंच्या काळातलीच सोय, फक्त बैलगाडीऐवजी व्हॅनिटी व्हॅन. त्यामुळे कास्टिंगवाल्या मुलामुलींवर मी चिडत नाही, त्यांच्यावरही वरून दबाव असतो. चिड येते ती एकाच गोष्टीची, सेल्फ टेप, म्हणजे आपणच शूट करून पाठवलेली ऑडिशन, उघडून बघायच्या आधी फोटोवरूनच "नॉट फिट" येतं तेव्हा.

मी खाकी सोडलेली नाही, भाडं त्यावर निघतं. रविवारी एका प्रायोगिक नाटकाच्या तालमीला जातो, त्यात मी गणिताचा मास्तर आहे, आणि त्या मास्तरमुळे आठवडाभर बरं वाटतं. परवा ग्रुपवर पुन्हा मेसेज आला, हवालदार, दोन दिवसांचं काम. मी टेप पाठवली आणि खाली लिहिलं की त्याच एपिसोडमध्ये वकिलाचे दोन सीन आहेत असं कळलं, त्याचीही टेप पाठवू का. रात्री साडेअकराला रिप्लाय आला, "पाठव." काळा कोट एका मित्राकडून आणलाय, बाह्या थोड्या आखूड आहेत, पण फ्रेम छातीपर्यंतच ठेवणार आहे.