जीनोमचा डेटा शेअर करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

समजा एका मुलाला दुर्मिळ आजार आहे, त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सिक्वेन्स केला (अक्षर न् अक्षर वाचून काढला) आणि एका जीनमध्ये संशय यावा असा बदल दिसला. आता तोच बदल आजाराचं कारण आहे का, हे एकट्या त्याच्यावरून सांगता येत नाही, कारण कुणाचाही जीनोम घ्या, रेफरन्स जीनोमपेक्षा (तुलनेसाठी सगळे वापरतात त्या नमुना जीनोमपेक्षा) वेगळ्या अशा 40-50 लाख जागा त्यात निघतातच. त्याच जीनमध्ये बिघाड आणि तशीच लक्षणं असलेला दुसरा पेशंट सापडायला हवा, आणि तो कदाचित दुसऱ्या देशातल्या लॅबच्या सर्व्हरवर पडून असतो. अशा जोड्या जुळवायला मॅचमेकर एक्सचेंज नावाचं नेटवर्क आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मग सगळ्यांनी सगळा डेटा एकत्र का नाही टाकायचा? माणसाचा जीनोम पहिल्यांदा वाचायला घेतलेल्या ह्युमन जीनोम प्रोजेक्टवाल्यांनी 1996 ला बर्म्युडात तसंच ठरवलं होतं, 1000 अक्षरांपेक्षा लांब तुकडा तयार झाला की शक्यतो 24 तासांत सगळ्यांसाठी खुला. पण तेव्हा सगळ्यांना मिळून एकच रेफरन्स जीनोम बनवायचा होता, आता लाखो खऱ्या माणसांचा डेटा आहे, सोबत त्यांच्या आजारांची माहितीपण आहे.

नाव काढून टाकलं की झालं असं वाटतं ना, पण तसं नाहीये. 2008 मध्ये एका रिसर्च टीमने दाखवून दिलं की शेकडो लोकांची नुसती एकत्रित आकडेवारी दिलेली असली तरी, एखाद्याचा डीएनए आधीच हातात असेल तर तो माणूस त्या गटात होता का हे ओळखता येतं. त्यानंतर अमेरिकेच्या एनआयएचने (आरोग्य संशोधनाची सरकारी संस्था) तोवर खुली असलेली अशी आकडेवारी परवानगीच्या कुलपात टाकली.

आणि परवानगी मिळाली तरी खरं किचकट काम पुढेच असतं. एका लॅबने रेफरन्स जीनोमची जीआरसीएच37 ही जुनी आवृत्ती वापरली, दुसरीने जीआरसीएच38 ही नवी, तर तोच बदल दोन्हीकडे वेगळ्या नंबरवर दिसतो. कुणी क्रोमोसोमला नुसतं 1 लिहितं, कुणी सीएचआर1. मशीन वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं, आणि पेशंट एका लॅबमधले अन् निरोगी लोक दुसऱ्या लॅबमधले असतील तर मशीनमुळे आलेला फरकच आजाराचा फरक वाटायला लागतो, हे सगळ्यात धोक्याचं. म्हणून 2020 मध्ये निकाल आलेल्या पॅन-कॅन्सर प्रोजेक्टमध्ये 2,600 पेक्षा जास्त पेशंटच्या ट्यूमरचा डेटा वेगवेगळ्या देशांतून आला तेव्हा आधी सगळा डेटा एकाच पद्धतीने पुन्हा अलाइन केला, म्हणजे रेफरन्सशी जुळवून घेतला, आणि मगच तुलना केली. हे काम करणाऱ्यांची नावं बातम्यांत येत नाहीत पण त्यांच्याशिवाय तो निकाल निघालाच नसता.

साइझचं पण बघा, एका माणसाचा नीट सिक्वेन्स केलेला डेटा साधारण 100 जीबीच्या आसपास जातो, हजारो लोकांचा तर डाउनलोड करणंच अवघड. त्यामुळे आता उलटं करतात, डेटा जागेवरच राहतो आणि रिसर्चर आपला प्रोग्रॅम तिथे नेऊन चालवतात, यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-डेटा प्रकल्पाचा 5 लाख लोकांचा डेटापण आता मुख्यतः असाच क्लाउडवर वापरला जातो. याचा अजून एक फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, उद्या कुणी आपली संमती मागे घेतली तर जगभर पसरलेल्या कॉप्या शोधत बसावं लागत नाही, एका ठिकाणी काढलं की पुढच्या सगळ्या अभ्यासांतून तो माणूस बाहेर.