बासचा माउथपीस टेनरवर: वादामागची पार्श्वभूमी

ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य; बास हा टेनरहून खालच्या स्वरांचा. टेनर ट्रॉम्बोनला बास ट्रॉम्बोनचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा सुटा भाग, लावावा की लावू नये, हा वाद मुळात तो बसतो म्हणून होतो. मोठ्या बोअरचा (नळीच्या आतल्या व्यासाचा) टेनर आणि आजचा बास यांच्या रिसीव्हरचं, म्हणजे माउथपीस जिथे बसतो त्या तोंडाचं, माप एकच असतं. एकाचा माउथपीस काढायचा, दुसऱ्यात सरकवायचा, किंचित फिरवायचा; घट्ट बसतो. लहान बोअरच्या टेनरवर हा प्रश्नच येत नाही, कारण मोठा शँक, म्हणजे माउथपीसची शेपटी, आत जातच नाही. ज्याला आपण ओठांच्या तालमीचा प्रश्न समजतो, त्याची निम्मी मुळं लेथ मशिनवर आहेत.

जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. १६१९ मध्ये जर्मनीत छापलेल्या वाद्यांच्या एका मोठ्या ग्रंथात ट्रॉम्बोनचं अख्खं कुटुंब येतं: आल्टो, टेनर, आणि टेनरच्या चार-पाच स्वर खाली बांधलेले बास. तेव्हाचा बास खरोखरच लांब होता. बी-फ्लॅट हा मूळ स्वर असलेल्या टेनरची नळी उलगडली तर सुमारे ९ फूट, एफमधल्या बासची सुमारे १२. स्लाइड, म्हणजे स्वर बदलायला सरकवायची नळी, हाताच्या टप्प्याबाहेर जायची, म्हणून तिला दांडा जोडावा लागे. इतक्या लांब वाद्याचा माउथपीस मोठा असणार हे ओघानं आलंच, आणि तो टेनरवर चढवून पाहावा असं कोणाला वाटण्याचं कारणही नव्हतं.

गुंता सुरू झाला अठराव्या शतकाच्या शेवटी. त्या सुमाराच्या काही शिक्षणपुस्तिका बघितल्या तर आल्टो, टेनर आणि बास ही तीन नावं तशीच आहेत, पण वाद्य तिन्हींना एकच, बी-फ्लॅट. फरक माउथपीसचा. वरचा भाग वाजवणारा लहान कपाचा (ओठांसमोरच्या वाटीचा) माउथपीस लावायचा, खालचा भाग वाजवणारा मोठ्या कपाचा. आज ज्याला काही शिक्षक ‘तोडगा’ म्हणून नाक मुरडतात, तीच एका काळी बास ट्रॉम्बोनची व्याख्या होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमधले वाद्यवृंदही तिसरा, म्हणजे ट्रॉम्बोनचा सर्वांत खालचा भाग टेनरवरच वाजवून घेत, आणि खरा बास मिळत नाही म्हणून एका थोर संगीतकारानं आपल्या वाद्यवृंदरचनेच्या ग्रंथात तक्रारही नोंदवली आहे. तक्रार रास्त होती. टेनरच्या सातव्या स्थानावर (स्लाइड पूर्ण बाहेर असताना) खालचा ई मिळतो, त्याखाली थेट पेडल स्वरांपर्यंत, म्हणजे नळीच्या सर्वांत खालच्या मूळ स्वरांपर्यंत पोकळी. माउथपीस कितीही मोठा लावला तरी नळीत नसलेला स्वर निघत नाही.

ती पोकळी १८३९ मध्ये लाइपझिगच्या एका कारागिरानं भरून काढायला सुरुवात केली. बी-फ्लॅट ट्रॉम्बोनला त्यानं अंगठ्यानं दाबायचा व्हॉल्व्ह आणि जादा नळी जोडली. व्हॉल्व्ह दाबला की वाद्य एफमध्ये जातं. आजचा बास याच वाद्याचा वारसदार आहे. त्याची मूळ नळी टेनरइतकीच लांब आहे, रुंदी तेवढी जास्त. इंग्लंडनं मात्र दांडा लावलेला जीमधला लांब बास विसाव्या शतकाच्या मध्यापलीकडेही सोडला नाही. एफ व्हॉल्व्हलाही एक खोट होती. जादा नळीमुळे स्थानांमधलं अंतर वाढतं, स्लाइडवर सातऐवजी सहाच स्थानं मावतात आणि खालचा बी हातचा जातो. १९४३ मध्ये अमेरिकेत लिहिलेल्या एका प्रसिद्ध कॉन्चेर्टोत नेमक्या त्या बीपासून एफपर्यंत ग्लिसान्डो, म्हणजे न तोडता घसरत नेलेला स्वर, आहे. दुसरा व्हॉल्व्ह रुळला, तेव्हा कुठे खालचे सगळे स्वर सलग मिळू लागले.

आता मुख्य मुद्दा, शँकचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेनर बहुतांशी लहान बोअरचे होते, नळीचा आतला व्यास १२.७ मिलिमीटरच्या आसपास. त्यांचा शँक लहान, बासचा मोठा. दोन वाद्यं, दोन रिसीव्हर, भांडण नाही. मग अमेरिकी वाद्यवृंदांमध्ये १३.९ मिलिमीटरचा, म्हणजे ०.५४७ इंचाचा टेनर रुजला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो जवळजवळ जगभर पोचला. बासचा बोअर १४.३ मिलिमीटर, ०.५६२ इंच. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. या नव्या टेनरला कोणता शँक द्यायचा? कारखान्यांनी बासचाच दिला.

हा निर्णय सुराच्या दृष्टीनं गैर नव्हता. रुंद नळीला सुरुवातीलाच अरुंद गळा देण्यात अर्थ नव्हता. पण मधलं एखादं माप ठरवता आलं असतं. युफोनियममध्ये तसा मधला शँक होता आणि अजून आहे. माझ्या मते इथे कारखान्याची सोय वरचढ ठरली: भोक कोरायचा एक रीमर, माप तपासायचा एक गेज, एकच साठा. वादकांना विचारून काही ठरलं असेल असं त्या काळच्या वाद्यांकडे पाहून तरी वाटत नाही, कारण मोठा शँकही सगळीकडे एकसारखा नव्हता. एका जुन्या अमेरिकी कारखान्याच्या रिसीव्हरचा उतार, म्हणजे तो आत किती निमुळता होतो ते, ब्राऊन अँड शार्प पद्धतीचा, फुटाला अर्धा इंच. बाकीच्यांचा मोर्स पद्धतीचा, फुटाला त्याहून थोडा जास्त. ऐकायला फरक क्षुल्लक. प्रत्यक्षात एका उताराचा शँक दुसऱ्या उताराच्या रिसीव्हरमध्ये एका कडेलाच टेकतो, दुसरी कडा मोकळी राहते, आणि बोटानं हलवला तर माउथपीस डुगडुगतो. ‘बासचा माउथपीस टेनरवर बोलत नाही’ ही जुनी तक्रार कित्येकदा कपाबद्दल नसते, या डुगडुगीबद्दल असते. आजही दुरुस्तीला आलेल्या जुन्या वाद्यांत हे सापडतं.

दुसरा गुंता मापांचा. न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे जवळपास मानक ठरलेल्या आकडेपद्धतीत आकडा जितका लहान तितका कप रुंद. ६½एएल साधारण २५.४ मिलिमीटर, ५जी साधारण २५.५, ४जी साधारण २६, १½जी साधारण २७, १जी साधारण २८. अक्षरं खोली सांगतात: ए खोल, सी मध्यम, पुढे उथळ, आणि जी मात्र परत खोल. शिकागोच्या एका कारखान्यानं उलटी रीत घेतली, आकडा वाढला की माप वाढतं. ब्रिटिश पद्धतीत शेवटचं अक्षर शँकचं, एल म्हणजे मोठा आणि एस म्हणजे लहान. शिवाय व्यास रिमच्या (कपाच्या कडेच्या) नेमक्या कुठल्या खोलीवर मोजायचा यावर एकमत नाही, त्यामुळे दोन कारखान्यांचे ‘२७ मिलिमीटर’ ओठांना वेगवेगळे लागतात.

या तक्त्यात बासची हद्द कुठे सुरू होते? इथेच सगळं घसरतं. १½जी हा कित्येक दशकं बासचा नेहमीचा माउथपीस होता, नव्या बासच्या पेटीत तोच यायचा. आज बरेच बासवादक त्याला लहान म्हणतात आणि २८ मिलिमीटरच्या पुढे जातात. टेनरवालेही सरकले. लहान बोअरच्या दिवसांत ६½एएल हा भारदस्त माउथपीस होता. आता तो विद्यार्थ्याचा समजला जातो, आणि मोठ्या बोअरच्या टेनरवर ५जी किंवा ४जी सहज दिसतो. दोन्ही बाजू मोठ्या मापाच्या दिशेनं सरकत राहिल्या आणि हद्दीची रेघ त्यांच्याबरोबर सरकली. त्यामुळे ‘बासचा माउथपीस टेनरवर चालत नाही’ असं कोणी ठासून सांगितलं तर पहिला प्रश्न विचारावा: कोणत्या दशकातला बास?

आक्षेपात तथ्य नाही असं नाही, आणि ते तपासायला फार साधनं लागत नाहीत. माउथपीसचा कप तळहातावर हलकेच आपटला की ‘पॉक्’ असा एक स्वर ऐकू येतो. टेनरच्या माउथपीसचा हा स्वर वर लागतो, बासचा खाली. खालच्या सप्तकात माउथपीस म्हणजे जणू नळीचा थोडा जादा तुकडा असतो, कपात जेवढी हवा मावते तेवढा. पण वाजवायचा स्वर त्या ‘पॉक्’च्या जवळ जाऊ लागला की हा तुकडा असल्याहून लांब वागायला लागतो. मोठ्या कपात हे लवकर होतं. परिणाम असा की बासचा माउथपीस लावल्यावर सगळाच सूर थोडा उतरतो, आणि वरचे स्वर जास्त उतरतात. ट्युनिंग स्लाइड आत ढकलून मधलं सप्तक जुळवलं तरी वरचा एफ आणि त्यावरचा बी-फ्लॅट खालीच राहतात.

स्लाइड नसलेल्या, नुसत्या व्हॉल्व्हच्या वाद्यावर ही मोठी अडचण ठरली असती. ट्रॉम्बोनवर हात पुढेमागे करून ती बरीचशी भरून काढता येते, एक अपवाद सोडून. पहिल्या स्थानावर स्लाइड पूर्ण बंद असते, तिथून सूर चढवायला जागाच नाही. काही जुन्या अमेरिकी वाद्यांत स्लाइडच्या टोकाशी स्प्रिंग बसवलेली असायची, म्हणजे पहिलं स्थान किंचित बाहेर धरून गरजेला आत दाबता यावं. ज्यांच्याकडे ती नाही ते मुख्य ट्युनिंग थोडं चढं ठेवून पहिलं स्थान बोटभर बाहेर धरतात. खर्जात याच कपाचा फायदा होतो: ५८ हर्ट्झचा पेडल बी-फ्लॅट आणि त्याखालचे स्वर ओठ फारसे न ताणता बोलतात, आवाज पसरट आणि गोल येतो. गळाही, म्हणजे कपाच्या तळाचं भोक, बहुधा रुंद असल्यानं श्वास मात्र भराभर संपतो.

सरसकट मनाई मुख्यतः मोठ्या बोअरचा टेनर रूढ झाल्यावरची. त्याआधीच्या लहान बोअरच्या टेनरमध्ये बासचा माउथपीस शिरतच नव्हता, मग मनाई कशाला. टेनर आणि बास दोन्ही वाजवणारे दोन्हींना एकच रिम ठेवतात आणि कप व शँक बदलतात. सुटे होणारे, आट्यांचे रिम त्यासाठीच मिळतात. शाळांमधून बास ट्रॉम्बोन महाग पडतो म्हणून व्हॉल्व्हचा टेनर घेऊन त्यालाच बासचा माउथपीस लावून देतात. असा विद्यार्थी तिसऱ्या भागापुरता सुरात वाजवतो, आणि त्या भागात वरचा बी-फ्लॅट क्वचितच येतो. पहिला भाग वाजवणाऱ्याला तोच माउथपीस दिला तर तासाभरात सूर आणि ओठ दोन्ही थकतात. अलीकडे २६ ते २७ मिलिमीटरच्या दरम्यानचे, बासहून उथळ कपाचे आणि मोठ्या शँकचे माउथपीस बऱ्याच कारखान्यांनी काढले आहेत; काहींच्या यादीत ते टेनरखाली येतात, काहींच्या बासखाली.