मूल घडाघडा वाचतंय, पण कळतंय किती? हे तपासायचं कसं

आधी ही दोन वाक्यं वाचा. "टमका फिरडा वाटेने झुपकत चालला होता. वाटेत त्याने दोन मोरगुंडे चिफले." आता प्रश्न. फिरडा कसा होता? टमका. त्याने किती मोरगुंडे चिफले? दोन. कुठे चिफले? वाटेत. झाले ना तीनपैकी तीन मार्क? आणि कळलं काय, तर काहीच नाही, कारण त्यातले निम्मे शब्द मी आत्ता बसून बनवलेत.

प्राथमिक शाळेत "उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा" असं जे येतं त्यातले बरेच प्रश्न नेमके याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलायचं आणि उत्तराच्या जागी उतरवायचं. मुलं हे फार लवकर शिकतात, आणि मग पेपरात पैकीच्या पैकी मिळवणारं मूल चौथी-पाचवीत विज्ञानाचं पुस्तक समोर आलं की अडकतं, आणि घरच्यांना कळतच नाही की वाचता येणाऱ्या मुलाला अचानक काय झालं. अचानक काही झालेलं नसतं, ते आधी कोणी तपासलेलं नसतं.

मुळात वाचून समजणं ही एकच गोष्ट नाहीये. १९८६ मध्ये गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी एक अगदी सोपं सूत्र मांडलं: अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचनाचं आकलन. यात महत्त्वाचा आहे तो गुणाकार. बेरीज असती तर एक बाजू कमी पडली तरी दुसरीने भरून काढता आली असती, पण गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्यच. म्हणून कमी मार्क मिळवणारी दोन मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि त्यांची अडचण पूर्ण वेगळी असते. एक जोडाक्षरावर अडखळतं, वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून गेलेलं असतं, पण तीच गोष्ट वाचून दाखवली तर सगळं बरोबर सांगतं. दुसरं एकही चूक न करता वाचतं, आवाजसुद्धा छान लावतं, पण गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प. पहिल्याला अक्षरांचा सराव हवाय, दुसऱ्याला त्याने काडीचा फरक पडणार नाही, आणि मार्कशीटवर दोघांचे आकडे सारखेच.

मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित होतं ते हे दुसरं मूल, कारण ते कोणाला त्रास देत नाही. देवनागरीत जसं लिहिलंय बहुतेक तसंच वाचायचं असल्याने एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की अर्थ न कळताही मोठमोठे शब्द बिनचूक वाचता येतात, त्यामुळे आपण फसतो. मोठ्याने वाचून घेणं किंवा मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजणं उपयोगाचं आहेच, विशेषतः पहिली-दुसरीत, पण त्याने सूत्राची फक्त एक बाजू मोजली जाते. दोन्ही बाजू वेगळ्या बघायच्या असतील तर सोपा उपाय आहे: एक उतारा मुलाला वाचायला द्या, तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा, आणि दोन्हीवर सारख्याच प्रकारचे प्रश्न विचारा. ऐकलेल्याचं येतंय आणि वाचलेल्याचं नाही, तर अडचण अक्षरांत आहे. दोन्ही येत नाही पण वाचन स्वच्छ आहे, तर अडचण भाषेत आहे.

आता प्रश्न कसे असावेत. एक छोटा उतारा घेऊ.

"सईने दप्तर दारातच टाकलं. ती एका दमात दोन पेले पाणी प्यायली आणि मग कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला. 'शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोल मारला.' आजीने काहीच विचारलं नाही, नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला."

दप्तर कुठे टाकलं, हा मोरगुंड्यांच्या जातीचा प्रश्न. एखादा असू दे, मुलाला धीर येतो. पण सईची टीम जिंकली की हरली, हा खरा प्रश्न, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही. "त्यांनी" म्हणजे समोरच्या टीमने हे पकडावं लागतं, "शेवटच्या मिनिटाला" म्हणजे परत बरोबरी करायला वेळच उरला नव्हता हे जोडावं लागतं. एखादं मूल म्हणेल "जिंकली, गोल मारला ना!" हे उत्तर चुकीचं आहे पण फार कामाचं आहे, त्याने गोल हा ओळखीचा शब्द धरला आणि "त्यांनी" सोडून दिला, म्हणजे सर्वनाम कोणासाठी आलंय हे तो मागे जाऊन बघत नाही. पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं ते त्या एका उत्तराने सांगितलं. आणि आजीने हात का फिरवला याला कोणी म्हणालं "घाईत पाणी प्यायल्यामुळे ठसका लागला असेल म्हणून", तर लगेच काट मारू नका, त्याने पाणी आणि पाठीवरचा हात जोडलाय, म्हणजे अर्थ लावायचा प्रयत्न चाललाय, फक्त मधलं वाक्य निसटलंय. "अजून काही कारण असेल का?" एवढं विचारलं तर बऱ्याचदा तो स्वतःच तिथे पोचतो. केन आणि ओकहिल यांच्या प्रयोगात हेच दिसलं होतं की आकलनात मागे पडणाऱ्या मुलांना उताऱ्यातल्या नेमक्या जागेकडे बघायला सांगितलं की त्यांना न जमलेले काही निष्कर्ष जमायला लागले. म्हणजे डोकं चालत होतं, पण जोडायचं असतं हेच माहीत नव्हतं.

चौथीच्या मुलांसाठी २००१ पासून दर पाच वर्षांनी पर्ल्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी होते, त्यात नुसती लिहिलेली माहिती शोधण्याला साधारण २० टक्केच वजन असतं. बाकी ८० टक्के सरळ निष्कर्ष काढणं, सगळ्या उताऱ्याचा मिळून अर्थ लावणं आणि मजकुराबद्दल स्वतःचं मत बनवणं यांना. आपल्या मुलाच्या पेपरात हे प्रमाण किती आहे ते एकदा मोजून बघा.

पण प्रश्न चांगले दिसतात म्हणून टेस्ट चांगली, असंही नाही. २००६ मध्ये कीनन आणि बेटजमन यांनी खूप वापरल्या जाणाऱ्या एका वाचन चाचणीचे प्रश्न लोकांना उतारे न देताच सोडवायला दिले, आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरं नुसत्या अंदाजाने येतील त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात बरोबर आली! "पिल्लू हरवल्यावर मुलीला कसं वाटलं" याचं उत्तर द्यायला गोष्ट कशाला वाचायला हवी? त्यामुळे प्रश्न काढलेत ना, मग ते आधी उतारा न वाचलेल्या कोणाला तरी सोडवायला द्या, जे सुटतील ते काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि याच्याइतकी फायद्याची दुसरी तपासणी मला तरी माहीत नाही.

याची उलटी बाजू म्हणजे आधीची माहिती. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मग लाकडी बाहुल्या मैदानाच्या मॉडेलवर हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. मुलं मोठी होती, पण लहान मुलांना हे लागू पडू नये असं काही कारण दिसत नाही. माझ्या वरच्या उताऱ्यातही गोल म्हणजे काय हे माहीत नसलेलं मूल अडणारच, आणि त्यात त्याच्या वाचनाचा दोष नसेल. म्हणून एका उताऱ्यावरून मुलावर शिक्का मारणं मला मान्य नाही. निदान तीन-चार वेगवेगळ्या विषयांचे उतारे हवेत, त्यात गोष्ट हवी तशी माहितीही हवी.

गाळलेल्या जागा भरायचा प्रकारही बराच वापरतात, म्हणजे उताऱ्यातला दर पाचवा शब्द वगैरे गाळायचा आणि मुलाने तो भरायचा. काढायला आणि तपासायला सोपं, १९५३ पासून चालू आहे. पण नंतर काही संशोधकांनी उताऱ्यातली वाक्यं उलटसुलट क्रमाने मांडून बघितली तरी लोकांचे स्कोअर फारसे बदलले नाहीत. म्हणजे त्याने एका वाक्याच्या आतलं कळतं, वाक्यावाक्यांची जोडणी कळत नाही. सईची टीम हरली हे त्यातून कधीच तपासलं जाणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रश्नांनी सहसा सापडत नाही, ती म्हणजे आपल्याला कळलं नाहीये हे मुलाला कळतंय का. एलन मार्कमन यांनी १९७९ च्या अभ्यासात तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना मुद्दाम विसंगत मजकूर ऐकवले. त्यातला एक माशांबद्दल होता: समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, तिथे माशांना रंगसुद्धा दिसत नाहीत, आणि पुढे लगेच, तिथले काही मासे रंगावरून आपलं खाणं ओळखतात. कितीतरी मुलांना यात काही गडबड आहे असं वाटलंच नाही, अगदी सहावीच्याही. असा एखादा मजकूर तुम्हीही बनवू शकता, फक्त मुलाला आधीच सांगा की यात काहीतरी चुकलंय, ते शोध. न सांगता दिलं तर मुलं मोठ्यांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालतात, मग तुम्ही आकलन तपासताय की भीड ते कळत नाही.

आणि शक्य असेल तिथे उत्तरं तोंडी घ्या, उतारा समोर उघडा ठेवून. लेखी घेतलं की शुद्धलेखन आणि हाताचा वेग मोजला जातो, उतारा काढून घेतला की पाठांतर मोजलं जातं. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी बोलायला वेळ नसतो हे मान्य, पण सगळ्यांना एकाच दिवशी तपासायचं असतंच असं कुठे आहे, रोज दोन मुलं घेतली तरी पाच-सहा आठवड्यांत सगळा वर्ग होतो, आणि ज्यांचं वाचन स्वच्छ आहे पण बोलताना गप्प बसतात त्यांच्यापासून सुरुवात करा.