चिलटांचा खुराक: अंडी की आयुष्य?

द्राक्षं भरात असताना तासगावकडे अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, रस गळतो आणि दोन-तीन दिवसांत घडांवर चिलटं घोंगावू लागतात. ही चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. आंबा-पेरूत अळी करणारी, सापळे लावून पकडावी लागते ती फळमाशी वेगळी. चिलट जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं. त्याला मण्याच्या गोडीइतकीच ओढ असते ती आंबत्या रसात वाढणाऱ्या यीस्टची. साखर फळातून मिळते, प्रथिनं मात्र यीस्टमधून. मीलन झालेल्या मादीची यीस्टची भूक तर एकदम वाढते. नराच्या वीर्यातलं एक छोटं प्रथिन तिच्या मेंदूपर्यंत तसा निरोप पोहोचवतं.

चिलटाचं अख्खं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं. त्यामुळे काय खाल्लं तर किती जगतो, हा प्रश्न त्याच्यावर एका हंगामात तपासून होतो. कमी खाल्लं की आयुष्य वाढतं हे जुनंच. श्रेय कॅलरीला दिलं जाई. २००५ साली लंडनमध्ये लिंडा पार्ट्रिज यांच्या गटाने साखर आणि यीस्ट वेगवेगळं कमी करून पाहिलं. कॅलरी तेवढ्याच घटल्या, तरी यीस्ट कमी केल्यावर आयुष्य कितीतरी जास्त वाढलं.

२००८ साली स्टीफन सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी याहून नेटका हिशोब मांडला. प्रत्येक चिलटाला बारीक काचनळीतून पातळ अन्न द्यायचं, नळीतली पातळी किती उतरली ते मोजायचं आणि अंडी मोजत राहायची. काम किचकट, पण कोणी किती खाल्लं यात शंका राहत नाही. एक भाग प्रथिनं आणि सोळा भाग कर्बोदकं या खुराकावर माद्या सर्वांत जास्त जगल्या. आयुष्यभरात सर्वाधिक अंडी मात्र १:४ वर. मग चिलटांनाच निवड करू दिली, तर त्यांनी १:४ च्या आसपासचंच प्रमाण राखलं. म्हणजे लांब आयुष्य सोडून अंडी! उत्क्रांतीच्या दृष्टीने यात नवल नाही. (सांगलीच्या तालमीतल्या पैलवानांनी मात्र हे वाचून खुराक तोडू नये. बाटलीतल्या चिलटाला कुस्ती मारायची नसते.)

बागायतदाराला याचं कारण सोपं वाटेल: वेलीला पेलतील त्याहून जास्त घड ठेवले की पुढच्या हंगामात वेल मार खाते. शास्त्रज्ञही बराच काळ असंच मानत होते, की अंड्यांवर खर्च झालेलं शरीराच्या डागडुजीला उरत नाही. पण अंडीच न घालणाऱ्या वांझ माद्यांचंही आयुष्य खुराक कमी केल्यावर वाढलं. त्यात २००९ साली पार्ट्रिज यांच्याच गटाने कमी यीस्टवर ठेवलेल्या माद्यांच्या अन्नात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, मिसळून पाहिली. सगळी आवश्यक अमिनो आम्लं दिली तेव्हा अंडी वाढली, आयुष्य घटलं. त्यांतलं एकटं मेथिओनिन दिलं तेव्हा अंडी भरपेट खाणाऱ्यांइतकी झाली, आणि आयुष्याला धक्काही लागला नाही!

मला यातला हाच निकाल सर्वांत मोलाचा वाटतो. अंडी आणि आयुष्य एकाच थैलीतून खर्च होत असतील, तर असं घडायला नको होतं. खरी गोम अमिनो आम्लांच्या आपसातल्या प्रमाणात दिसते. त्यांची चाहूल घेणारी ‘टॉर’ नावाची यंत्रणा पेशीत असते. अन्न मुबलक आहे असं कळलं की ती वाढीचा वेग वाढवते. रॅपामायसिन हे औषध तिला आवर घालतं, आणि ते दिलेली चिलटं जास्त जगतात. हीच यंत्रणा यीस्टच्या पेशीतही आहे आणि आपल्याही.