लघुग्रह सापडणं वेगळं, त्याचं बारसं वेगळं

सांगलीत, विश्रामबागेत एका क्लासबाहेर फ्लेक्स लागला: ‘लघुग्रह शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. गणपती मंदिराजवळच्या कट्ट्यावर बातमी पोचेपर्यंत तिचं झालं, ‘पोराच्या नावाचा ग्रह आहे म्हणे आता आकाशात.’ तो पोरगा माझा भाचा, म्हणून खुलासा करणं आलं.

त्यानं केलं ते असं. विद्यार्थ्यांच्या शोधमोहिमेत आकाशातल्या एकाच जागेचे, थोड्या थोड्या वेळानं टिपलेले चार फोटो मिळतात. लॅपटॉपवर ते एकामागून एक फिरवायचे. तारे हलत नाहीत. एखादा ठिपका मात्र मुंगीसारखा सरळ रेषेत सरकतो. पुष्कळदा ती कॅमेऱ्याची खोट निघते. आमची आई तर पदरानं स्क्रीनच पुसायला निघाली होती! ठिपका खरा असला, तरी ही झाली प्राथमिक नोंद. पुढं आणखी रात्रींची निरीक्षणं जुळली की तात्पुरता क्रमांक, आणि कक्षा पक्की झाली की कायमचा. यात वर्षं जातात.

नावाचा प्रश्न त्यानंतर. आपल्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. इथं तो मान शोधणाऱ्याचा, पण स्वतःचं नाव द्यायचं नाही. शेवटचा शब्द आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा. जेम्स गिब्सन या खगोलशास्त्रज्ञांनी एका लघुग्रहाला आपल्या मांजराचं, ‘मिस्टर स्पॉक’चं, नाव दिलं; त्यानंतर पाळीव प्राण्यांची नावं नकोत, असं ठरलं.

शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ४१३० रामानुजन हा लघुग्रह; ४१३० हा त्याचा कायमचा क्रमांक. तो शोधला आर. राजमोहन यांनी, तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून, फेब्रुवारी १९८८ मध्ये. त्याचा आधीचा, तात्पुरता क्रमांक ‘१९८८ डीक्यू१’. त्यातला ‘डी’ म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. गणिती रामानुजन तर १९२० मध्येच वारले होते.

घोळ होतो तो धूमकेतूंमुळं. त्यांना शोधणाऱ्याचंच नाव लागतं. १९४९ मध्ये आपले खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू हार्वर्डला शिकत होते, तेव्हा सापडलेला धूमकेतू बाप्पू-बॉक-न्यूकर्क झाला. पण २५९६ वेणू बाप्पू हा लघुग्रह दुसऱ्यांनी शोधला, बाप्पूंच्या सन्मानार्थ ते नाव दिलं. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन शूमेकर यांचं नाव तर दोन्हीकडं आहे. त्या पन्नाशीनंतर या कामाला लागल्या आणि ३२ धूमकेतू, शेकडो लघुग्रह शोधले. १९९४ मध्ये गुरूवर आदळलेल्या शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूवर त्यांच्या कुटुंबाचं आडनाव आहे, ते शोधल्याबद्दल. ४४४६ कॅरोलिन हा लघुग्रह मात्र एडवर्ड बोवेल यांनी शोधलेला.

भाच्याचा ठिपका अजून प्राथमिक यादीतच आहे. पुढं नाव द्यायची पाळी आलीच, तर म्हणतो, ‘कृष्णा’ ठेवीन. आमच्या आईला वाटतं, देवाचं. तो म्हणतो, आयर्विन पुलाखालची.