विंडरमियरची मुले

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने आसरा दिलेल्या ज्यू मुलांची पहिली तुकडी. १९४५ मध्ये ब्रिटिश सरकारने सोळा वर्षांखालील १,००० मुलांना परवानगी दिली, पण तेवढी मुले सापडलीच नाहीत. सगळ्या तुकड्या मिळून ७३२ आली. खर्च ज्यू मदतनिधीने उचलला.

१४ ऑगस्ट १९४५ रोजी सुमारे ३०० मुले प्रागहून हवाईदलाच्या बाँबफेकी विमानांतून उत्तर इंग्लंडमधील कार्लाइल शहराजवळ उतरली. तिथून ती लेक डिस्ट्रिक्टमधील विंडरमियर सरोवराजवळच्या कॅलगार्थ वसाहतीत गेली. युद्धकाळात विमान कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेली ही घरे होती. मुलांना स्वतःची खाट आणि स्वच्छ चादरी मिळाल्या. जेवणघरात पाव आला की क्षणात नाहीसा होई, कारण मुले तो खोलीत नेऊन दडवत. उद्याही पोटभर मिळेल, यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नव्हता.

यांतील सहा चिमुकल्यांची हकीकत वेगळीच आहे. जेमतेम तीन-चार वर्षांची ही पोरे जवळपास जन्मापासून आईविना, तेरेझिनच्या छावणीत एकत्र वाढली होती. त्यांना ससेक्समधील 'बुलडॉग्ज बँक' या घरी ठेवले. सुरुवातीला त्यांनी खेळणी मोडली, मोठ्यांना चावे घेतले. मात्र एकमेकांपासून क्षणभरही दूर व्हायला ती तयार नसत. जेवताना स्वतः खाण्याआधी शेजारच्याला वाढत. एकाला काही मिळाले, की तो समोर नसलेल्यांसाठीही मागून घेई. बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि या मुलांचा सांभाळ करणाऱ्या सोफी डान यांनी १९५१ मध्ये या निरीक्षणांवर निबंध लिहिला. या सहा जणांचे कुटुंब कोणी मोठ्या माणसाने जमवून दिलेले नव्हते. ते त्यांनी स्वतःच छावणीतून सोबत आणले होते. बालमानसशास्त्रात हा निबंध आजही मोलाचा मानला जातो, तो यामुळेच.

मोठी मुले पुढे लंडन, मँचेस्टर, ग्लासगो अशा शहरांतील वसतिगृहांत विखुरली, तरी संपर्क तुटला नाही. ७३२ जणांत मुलीही होत्या, पण सगळा गट 'द बॉइज' म्हणूनच ओळखला जातो. त्यांच्यातले बेन हेल्फगॉट १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या भारोत्तोलन संघाचे कर्णधार होते. १९६३ मध्ये या मंडळींनी '४५ एड सोसायटी' स्थापन केली. अडचणीतल्या सोबत्याला मदत करणे आणि सुटकेच्या स्मरणार्थ दरवर्षी एकत्र जमणे, हे तिचे मुख्य काम. आता संस्थेचा कारभार त्यांची मुले पाहतात.