मेंदूची उत्क्रांती आणि मानसिक आरोग्य

निरनिराळ्या प्राण्यांचे मेंदू ताडून पाहून माणसाच्या मनोविकारांची मुळे शोधणारे अभ्यासक्षेत्र. नैराश्य, चिंता, व्यसन किंवा छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) यांत मेंदूची जी यंत्रणा बिघडते ती उत्क्रांतीत केव्हा तयार झाली, हा त्यातला मुख्य प्रश्न. काही यंत्रणा माशांइतक्या जुन्या आहेत, काहींना माणसात अगदी अलीकडे नवे वळण मिळाले. कोणत्या विकाराचा अभ्यास कोणत्या प्राण्यात करता येईल, हे बरेचसे या उत्तरावर अवलंबून असते.

माणसाच्या आणि इतर प्राण्यांच्या भावनांचा उगम एकच असावा, हे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्येच साधार मांडले होते. पण विसाव्या शतकात लोकप्रिय झाली ती वेगळीच कल्पना. पॉल मॅक्लीन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मेंदूचे तीन थर सांगितले : तळाशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा सहजप्रवृत्तींचा मेंदू, त्यावर सस्तनांचा भावनांचा आणि सर्वांत वर विचार करणारा नवा. राग आला की ‘आतला सरडा जागा झाला’ असे आजही सांगितले जाते, पण हे चित्र चुकीचे आहे. सरड्याच्या मेंदूतही प्रमस्तिष्क (मेंदूचा पुढचा-वरचा भाग, सेरेब्रम) असते. पक्ष्यांना सस्तनांसारखा सहा थरांचा बाह्यक (प्रमस्तिष्काचे बाहेरचे आवरण, कॉर्टेक्स) नसतो, तरी कावळ्यांच्या काही जाती हत्यारे बनवतात. उत्क्रांतीत जुन्या मेंदूवर नवे मजले चढले नाहीत. होते तेच भाग वाढले, आक्रसले, त्यांच्यातली जोडणी बदलली. त्यामुळे मनोविकार म्हणजे वरच्या मेंदूचा खालच्यावरचा ताबा सुटणे, ही समजूतही टिकत नाही.

जुनेपणाचा ठळक पुरावा लॅम्प्री या जबडा नसलेल्या जलचरात मिळतो. त्याचा आणि माणसाचा समान पूर्वज सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. तरीही अनेक संभाव्य हालचालींतून एक निवडणारी तळगंडिकांची (मेंदूत खोलवर असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांची) मंडले, म्हणजे चेतापेशींच्या जोडण्या, दोघांत जवळजवळ सारखी असल्याचे स्वीडनमधील स्टेन ग्रिल्नर यांच्या गटाने दाखवले. ही मंडले डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या नियंत्रणाखाली चालतात आणि व्यसनात नेमकी तीच भरकटतात. मेंदूच्या मध्यभागी असलेला हॅबेन्युला हा चिमुकला भागही असाच पुरातन. अपेक्षित बक्षीस मिळाले नाही की तेथील चेतापेशी सक्रिय होतात आणि डोपामिनचा पुरवठा आवरतात. माकडांमध्ये हे २००७ मध्ये दिसून आले. नैराश्यासारखी लक्षणे असलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांत याच पेशी झपाट्याने स्पंदत राहतात आणि केटामाइन हे भुलीचे औषध ते स्पंदन थांबवते, असे २०१८ मध्ये चीनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. सुटकेची आशा नसलेल्या संकटात धडपड थांबवणे हा मुळात शक्ती वाचवण्याचा मार्ग असावा. आजारात तो थांबा उठतच नाही.

सेरोटोनिन हे दुसरे संदेशवाहक रसायन तर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरतेही मर्यादित नाही. क्रेफिश या कवचधारी जलचराला सौम्य विजेचे धक्के दिल्यावर त्याच्या मेंदूतले सेरोटोनिन वाढले, तो उजेडाच्या वाटा टाळू लागला आणि माणसाला दिले जाणारे क्लोरडायझेपॉक्साइड हे चिंताशामक दिल्यावर पुन्हा तिकडे फिरू लागला, हे फ्रेंच संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. क्रेफिशला चिंता ‘वाटते’ असे मात्र यावरून म्हणता येत नाही. धोक्याला प्रतिसाद देणारे मंडल वेगळे आणि भीतीची जाणीव वेगळी, असा आग्रह भीतीच्या अभ्यासातले अग्रणी जोसेफ लडू धरतात. तो रास्त आहे, कारण केवळ प्राण्यांचे वर्तन पाहून पारखलेली औषधे रुग्णाच्या जाणिवेपर्यंत पोचतीलच असे नाही.

चिंता इतकी सर्वत्र का, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण रँडॉल्फ नेस्सी या मनोविकारतज्ज्ञाचे आहे. धूर ओळखणारा गजर कधी उगाच वाजला तर किरकोळ त्रास होतो, पण खरी आग लागल्यावर वाजला नाही तर घर जाते. शरीराची संरक्षणयंत्रणाही म्हणूनच गरजेपेक्षा जास्त वेळा जागी होते. मात्र प्रत्येक विकाराला असा छुपा फायदा चिकटवणे घातक. नैराश्यामुळे अडचणीवर सखोल विचार होतो, म्हणून ते उपयुक्त, अशी मांडणी झाली आहे. तीव्र नैराश्यात एकाग्रताच ढासळते, याचे समाधानकारक उत्तर तिच्यापाशी नाही.

छिन्नमनस्कतेचे कोडे याहून अवघड. या रुग्णांना सरासरी कमी मुले होतात, तरी विकार पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. २०२२ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात त्याच्याशी निगडित २८७ स्थाने सापडली. प्रत्येकाचा परिणाम इतका अल्प, की नैसर्गिक निवडीला त्यांना वेचून काढणे जमत नाही. काही धोके माणसाच्या मोठ्या मेंदूशीच बांधलेले दिसतात. मानवाच्या चेतापेशींची संख्या सुमारे ८,६०० कोटी असून त्यांतील १,६०० कोटी प्रमस्तिष्काच्या बाह्यकात असतात. आफ्रिकी हत्तीचा मेंदू कितीतरी मोठा असूनही बाह्यकात फक्त ५६० कोटी. बाह्यकाच्या या वाढीला हातभार लावणारी नॉच२एनएल ही जनुके माणसात पहिल्या गुणसूत्रावर आहेत. त्याच पट्ट्यातला तुकडा गळाला तर डोके लहान राहण्याचा आणि छिन्नमनस्कतेचा धोका वाढतो, दुप्पट झाला तर डोके मोठे होण्याचा आणि स्वमग्नतेचा (ऑटिझम).

मोठ्या मेंदूसोबत लांबलेले बालपणही आले. नको असलेले चेतापेशींमधले जोड छाटण्याचे काम माणसाच्या पुरोललाट (कपाळामागच्या) भागात विशीपर्यंत चालते. या छाटणीत भाग घेणाऱ्या सी४ या जनुकाची काही रूपे छिन्नमनस्कतेचा धोका वाढवतात, असे २०१६ मध्ये आढळले. अमेरिकेतील एका पाहणीनुसार आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्मे चौदाव्या आणि तीन-चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. लांबलेल्या जडणघडणीचा काळ तो हाच.

प्रयोगशाळेतला उंदीर या बाबतीत कितपत उपयोगी? भीती, बक्षीस, झोप यांसाठी बराच. पण माणसातील पुरोललाट बाह्यकाच्या काही भागांना उंदरात नेमके समतुल्य नाहीत, आणि सेरोटोनिनचे ग्राही (त्याचा संदेश टिपणारे रेणू) कोणत्या पेशींवर किती असतात यातही दोघांत मोठा फरक असल्याचे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. पाण्यात सोडलेला उंदीर किती वेळ पोहतो यावरून नैराश्यविरोधी औषध पारखण्याची, १९७७ पासून रूढ असलेली चाचणीही वादात आहे. आता मार्मोसेट या छोट्या माकडांकडे आणि मूलपेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या लघुप्रतिकृतींकडे कल वाढतो आहे. मानव आणि चिंपांझी यांच्या अशा प्रतिकृती शेजारी ठेवून चेतापेशी कोणत्या टप्प्यावर वेगळ्या वाढू लागतात हे पाहता येते. मात्र त्यांना ना आई असते, ना कळप. ताणातून आणि ताटातुटीतून येणाऱ्या विकारांसाठी त्या अजून अपुऱ्या पडतात.